तुम्ही विचारलंत म्हणून: फ्रेडोचं पुढं काय झालं?

महिन्यातल्या एका रविवारी आम्ही वीस-पंचवीस माणसं एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत पडदा लावून सिनेमा पाहतो. बहुतेक सगळे हौशी नाटकवाले. 'द गॉडफादर'चे, म्हणजे अमेरिकेतल्या एका इटालियन माफिया घराण्याच्या गोष्टीचे, पहिले दोन भाग आजवर चार वेळा दाखवून झाले, आणि चारही वेळा चहाच्या वेळी कुणीतरी मला गाठून एकच प्रश्न विचारला. तो मधला भाऊ, फ्रेडो, त्या नटाचं पुढं काय झालं? नंतर कुठं दिसलाच नाही तो. अल पचिनोबद्दल, रॉबर्ट डी नीरोबद्दल असं कुणी विचारत नाही. गेल्या खेपेला आमच्या तालमीला येणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "काका, तो इतका खरा वाटतो, मग त्याला पुढं कामं का मिळाली नाहीत?" हातात चहाचा कप घेऊन दोन वाक्यांत याचं उत्तर देणं मला जमेना, म्हणून हे लिहितोय.

त्याचं नाव जॉन कझेल. कामं मिळाली नाहीत असं झालं नाही. मार्च १९७८ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानं तो न्यूयॉर्कमध्ये वारला, तेव्हा वय होतं ४२. पहिला मोठा सिनेमा १९७२ सालचा आणि शेवटचा १९७८ चा, तोही त्याच्या पश्चात प्रदर्शित झाला. एकूण सिनेमे पाच. पाचही ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत होते, त्यातल्या तिघांना ते मिळालंही. त्याच्या आजूबाजूच्या बहुतेक सगळ्यांना नामांकनं मिळाली. त्याला एकदाही नाही.

हे दहा ओळींत संपतं आणि ऐकणारा "अरेरे" म्हणून दुसरा कप घेतो. मला सांगायचंय ते त्याच्या मरणाबद्दल नाही, त्याच्या ऐकण्याबद्दल आहे.

त्यासाठी सिनेमाच्या आधी जावं लागेल. कझेल १९३५ साली बोस्टनजवळच्या रिव्हीअर गावी जन्मला. वडील इटालियन वंशाचे, आई आयरिश. आधी ओबर्लिन आणि मग बोस्टन विद्यापीठात नाटक शिकला आणि न्यूयॉर्कला आला. तिथं पोट भरायला स्टँडर्ड ऑइल कंपनीत निरोप्याचं काम धरलं, म्हणजे पाकिटं इथून तिथं पोचवायची. त्याच कचेरीत दुसरा एक पोरगा हेच काम करत होता, त्याचं नाव अल पचिनो. पुढं दोघांची नाटकात गाठ पडली. इझ्राएल हॉरोविट्झ नावाच्या तरुण नाटककाराची ती एकांकिका होती, 'द इंडियन वॉन्ट्स द ब्रॉन्क्स'.

यातला 'इंडियन' आपला आहे. गुप्ता नावाचा भारतीय माणूस मुलाला भेटायला न्यूयॉर्कला आलाय. इंग्रजी येत नाही. रात्रीच्या वेळी एका बसथांब्यावर चुकामूक होऊन उभा आहे, मुलगा राहतो त्याच शहरातल्या ब्रॉन्क्स भागात, तिथं कसं जायचं ते त्याला ठाऊक नाही. दोन टारगट पोरं येतात. आधी चेष्टा, मग छळ, शेवटी टेलिफोनची तारसुद्धा तोडतात. त्यातला एक टारगट पचिनो. गुप्ता म्हणजे कझेल. गुप्ताचे संवाद हिंदीत आहेत. प्रेक्षकांना एक अक्षर कळत नाही, आणि गुप्ताला त्या पोरांचं एक अक्षर कळत नाही.

गोऱ्या नटानं भारतीय माणूस रंगवावा हे आज कुणी मान्य करणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पण नट म्हणून मी त्या भूमिकेचा विचार करतो तेव्हा मला दिसतं ते असं. संवादांचा आधार नाही. समोरचा काय म्हणतोय ते समजत नसल्याचं दिसायला हवं, तरी जिवाच्या आकांतानं ऐकत राहायचं, कारण त्या आवाजातूनच कळणार की हा मारणार आहे की मदत करणार आहे. आमच्या गल्लीतले आईवडील मुलांकडे सहा-सहा महिने अमेरिकेला जातात. एक वहिनी सांगत होत्या, विमानतळावरचा अधिकारी बोलत होता तेव्हा त्याच्या तोंडाकडे न बघता त्या त्याच्या कपाळाकडे बघत होत्या, आठ्या पडतात का ते. हे ऐकलं आणि मला तो बसथांबा आठवला. ते नाटक मी पाहिलेलं नाही, पाहणं शक्यही नाही. पण कझेलच्या पुढच्या सगळ्या कामात समोरच्याच्या कपाळावरच्या आठ्या शोधणारी ती नजर मला दिसते. १९६८ साली त्या प्रयोगासाठी ओबी पुरस्कार, म्हणजे ब्रॉडवेबाहेरच्या छोट्या नाटकांना देतात ते, मिळाले, पचिनोला आणि कझेललाही.

मग हॉरोविट्झच्याच 'लाइन' या नाटकात काम करताना फ्रेड रूसनं त्याला पाहिलं. नटांची निवड करणारा हा माणूस. त्यानं 'गॉडफादर'चा दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोलाला सांगितलं आणि फ्रेडो सापडला. एक गोष्ट बघा. गोष्टीत सनी थोरला, फ्रेडो मधला, मायकेल धाकटा. प्रत्यक्षात सनी झालेला जेम्स कान आणि मायकेल झालेला पचिनो हे दोघंही १९४० चे. कझेल त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठा. डोक्यावरचे केस मागं हटलेले, कपाळ भलंमोठं. तरी सिनेमा बघताना एकदाही वाटत नाही की हा त्या खोलीतला वयानं मोठा माणूस आहे. अंगातलं मोठेपण त्यानं काढून टाकलंय.

पहिल्या भागात त्याच्या वाट्याला फार काही नाही. लग्नात दारूच्या तारेत टेबलापाशी येतो, लास व्हेगासमध्ये भडक कपड्यांत धाकट्याचं बोलणं खाली मान घालून ऐकून घेतो. आणि मधे तो रस्ता. बाप फळं घेत असताना त्याच्यावर गोळ्या झाडल्या जातात, फ्रेडो गाडीतून बाहेर येतो, पिस्तूल हातात धड धरता येत नाही, ते खाली पडतं. मारेकरी पळून जातात. बाप रस्त्यावर पडलेला आणि हा फूटपाथच्या कडेला बसून लहान मुलासारखा रडतो. मी ही जागा किती वेळा थांबवून पाहिली असेल. तो बापाला मिठी मारत नाही, मदतीला हाका मारत नाही. त्याला नुसतं बसता येतं. आपल्याकडच्या कुठल्याही तालमीत दिग्दर्शक म्हणाला असता, "अरे, बापाकडं जा ना!" कझेल गेला नाही, आणि त्या न जाण्यातच पुढच्या भागातला सगळा विश्वासघात आधीच येऊन बसलाय.

दुसऱ्या भागात सनी नाही. म्हणजे आता फ्रेडो थोरला, आणि कारभार धाकट्याच्या हातात. हे दुखणं मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. थोरल्याला डावलून धाकट्याकडं सातबारा गेला की घरात काय होतं ते आपण सगळ्यांनी कुठं ना कुठं पाहिलंय. हवानामध्ये दोघं भाऊ एका टेबलाशी बसतात तो प्रसंग मला आख्ख्या सिनेमातला सगळ्यात कोवळा वाटतो. बनाना डायकिरीला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं असं फ्रेडो विचारतो. आपण असा वेळ आधी का नाही घालवला, असंही विचारतो. हे विचारणारा माणूस भावाच्या शत्रूला आधीच मिळालेला आहे, आणि तरीही हा प्रश्न खोटा नाही. दोन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यावर खऱ्या आहेत. मी पस्तीस वर्षं हौशी रंगभूमीवर कामं केली, असं मला एकदाही जमलं नाही.

आणि त्यानंतरची ती रात्र. फ्रेडोनं आधी सांगितलेलं असतं की जॉनी ओलाशी, म्हणजे त्या शत्रूच्या माणसाशी, आपली ओळख नाही. मग पाहुण्यांना घेऊन एका भलत्याच खेळाला जातात, फ्रेडो खुशीत असतो, सगळ्यांचा यजमान असल्यासारखा. त्या भरात त्याच्या तोंडून निघून जातं की ही जागा जॉनी ओलानं दाखवली. मागं मायकेल उभा. कॅमेरा पचिनोच्या चेहऱ्यावर जातो आणि सगळे त्याच चेहऱ्याचं कौतुक करतात, कौतुक करण्यासारखाच तो आहे. पण तो चेहरा शक्य झाला कझेलमुळे. त्यानं ते वाक्य जरासुद्धा 'टाकलं' नाही. महत्त्वाचं वाक्य आलं की आपला नट आधी श्वास घेतो, प्रेक्षकांना खूण करतो. कझेलनं ते गर्दीत सुटे पैसे पडावेत तसं पडू दिलं. उचलायचं काम पचिनोवर सोपवलं.

याला आम्ही तालमीत 'देणं' म्हणतो. याच्या उलटं म्हणजे सीन खाणं. मी सीन खाल्लेला आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हे लिहिणं पुरं होणार नाही. राज्य नाट्य स्पर्धेतल्या एका प्रयोगात माझी घरगड्याची भूमिका होती, वाक्यं जेमतेम नऊ. नायकाचं मोठं स्वगतासारखं भाषण चालू असताना मी मागं कंदिलाची काच पुसत होतो. पुसता पुसता मी ती उजेडाकडं धरून एक डोळा मिटून पाहिली. लोक हसले. मी परत पाहिली. परत हसले. नायकाचा क्यू चुकला, पुढचं सगळं भाषण पांगलं. आत आल्यावर दिग्दर्शक चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू त्याचं ऐकत नव्हतास." त्या नायकानं त्या भाषणावर तीन महिने घेतले होते. ते मी दोन हशांसाठी मोडलं, आणि ते आजही मला सलतं. त्यानंतर काही महिन्यांनी मी 'गॉडफादर'चा दुसरा भाग परत पाहिला आणि पहिल्यांदा माझं लक्ष पचिनोवरून कझेलकडं गेलं. तेव्हापासून ते तिथंच आहे.

तळ्याकाठच्या घरातला प्रसंग तर तुम्हाला आठवतच असेल. बाहेर हिवाळा, काचेपलीकडं तळं, आणि फ्रेडो एका सैल आरामखुर्चीत जवळजवळ आडवा. त्या खुर्चीत माणसाला ताठ बसताच येत नाही. मायकेल जाब विचारतो आणि इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर येतं, मी थोरला आणि मला वगळलं, मी हुशार आहे, लोक म्हणतात तसा मठ्ठ नाही. हे ओरडताना तो उठू पाहतो. धड वर येतं, हात हवेत जातात आणि खुर्ची त्याला परत खाली ओढते. मान मागितली जातेय आणि शरीर साथ देत नाही. रागाचा इतका मोठा प्रसंग आडवं पडून करायला नटाला किती धाडस लागतं, हे ज्यानं रंगमंचावर पाय रोवून ओरडण्याची सवय लावून घेतलीय त्यालाच कळेल. शेवटी नावेत बसून मासे पकडताना तो मेरीमातेची प्रार्थना म्हणतो, मासा गळाला लागावा म्हणून. ही युक्ती त्यानंच पुतण्याला शिकवलेली असते. गोळीचा आवाज येतो तेव्हा तो तीच प्रार्थना म्हणत असतो.

त्याच वर्षी कपोलाचाच 'द कॉन्व्हर्सेशन' आला. १९७४ च्या ऑस्करसाठी कझेलचे दोन सिनेमे एकमेकांसमोर होते. यात तो जीन हॅकमनचा मदतनीस आहे, लोकांची बोलणी चोरून ध्वनिमुद्रित करण्याचा धंदा. याला उत्सुकता फार, साहेबाला प्रश्न आवडत नाहीत. भूमिका लहान आहे, पण सगळा सिनेमाच ऐकण्याबद्दलचा आहे, तेव्हा कझेल त्यात नसता तरच नवल.

'डॉग डे आफ्टरनून' मात्र नीट सांगायला हवा. ऑगस्ट १९७२ मध्ये ब्रुकलिनमधल्या एका बँकेवर खरोखर पडलेल्या दरोड्याची ती गोष्ट. पचिनो एक दरोडेखोर, कझेल त्याचा जोडीदार सॅल. खऱ्या दरोड्यातला सॅल १८ वर्षांचा पोरगा होता, कझेल चाळिशीला टेकलेला. दिग्दर्शक सिडनी लुमेटला हा माणूस सॅल म्हणून पटत नव्हता. पचिनोनं आग्रह धरला. कझेलनं वाचन सुरू केलं आणि थोड्याच वेळात लुमेटचं मत फिरलं. मी स्वतः बँकेत कॅशियर होतो, त्यामुळं हा सिनेमा मला वेगळा लागतो. काउंटरमागच्या बायकांची भीती, मग हळूहळू दरोडेखोरांचीच वाटू लागलेली काळजी, हे सगळं मला आतून समजतं. त्यात सॅल बंदूक धरून गप्प उभा असतो. पळून कुठल्या देशात जायचं असं पचिनो विचारतो तेव्हा तो विचार करून सांगतो, वायोमिंग. वायोमिंग हे अमेरिकेतलंच राज्य. हे उत्तर संहितेत नव्हतं, कझेलनं तिथंच दिलं, आणि हसू दाबताना लुमेटची पंचाईत झाली. लोक अजून हसतात. मला त्यात रडू येतं. हा माणूस कधी विमानातही बसलेला नाही, त्याच्या जगात वायोमिंग हाच परदेश. बघा, ते वाक्य विनोदासाठी म्हटलेलंच नाही. त्याला प्रश्न विचारला गेला, त्यानं तो ऐकला आणि खरं उत्तर दिलं.

त्याच सिनेमात सॅल बँकेतल्या एका बाईला सिगारेट ओढू नको म्हणतो. कर्करोग होईल, शरीर म्हणजे देवाचं मंदिर आहे, असं. कझेल स्वतः प्रचंड सिगारेट ओढायचा. त्या प्रसंगाला आमच्या खोलीत दरवेळी शांतता पसरते, ज्यांना पुढचं माहीत आहे त्यांच्यामुळं.

१९७६ च्या उन्हाळ्यात नाट्यनिर्माता जोसेफ पॅपनं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या उघड्या नाट्यगृहात शेक्सपिअरचं 'मेझर फॉर मेझर' केलं. कझेल अँजेलो, आणि इझाबेला झाली होती नाट्यशाळेतून नुकतीच बाहेर पडलेली मेरिल स्ट्रीप. दोघं एकत्र राहू लागले. पुढच्या वर्षी तो 'आगामेम्नॉन' या ग्रीक नाटकात काम करत असताना दुखणं कळलं आणि नाटक सुरुवातीलाच सोडावं लागलं. कर्करोग पसरला होता.

त्या अवस्थेत त्यानं 'द डिअर हंटर' केला. अशा माणसाचा विमा कोण उतरवणार? निर्मात्यांना त्याला काढायचं होतं, दिग्दर्शक मायकेल चिमिनो अडून बसला. विम्याचे पैसे डी नीरोनं भरले असं स्ट्रीपनं सांगितलंय. डी नीरो स्वतः त्याबद्दल फारसं बोलत नाही, आणि मला त्याचं ते न बोलणं आवडतं. कझेलची दृश्यं आधी उरकून घेतली. स्ट्रीपनं त्यातली छोटी भूमिका घेतली ती त्याच्याजवळ राहता यावं म्हणून. त्यात तो स्टॅन आहे, पोलाद कारखान्याच्या गावातला, नटूनथटून राहणारा, शिकारीला जाताना स्वतःचे बूटसुद्धा विसरणारा. आजारी दिसतो का? मी शोधलं. चेहरा ओढलेला आहे, पण लग्नाच्या समारंभात तो ज्या तऱ्हेनं वावरतो त्यात दया मागणारं काही नाही. पूर्ण झालेला सिनेमा त्यानं पाहिला नाही. शेवटपर्यंत रुग्णालयात स्ट्रीप त्याच्यासोबत होती.

ऑस्करचं काय म्हणाल, तर मला मत देणाऱ्यांवर राग धरावासा वाटत नाही. 'गॉडफादर'साठी सहायक अभिनेत्याच्या एकाच विभागात पचिनो, कान आणि रॉबर्ट ड्युव्हल अशी तीन नामांकनं होती. दुसऱ्या भागातही तिघं, डी नीरोनं ते जिंकलं. कझेल यातल्या बहुतेकांच्या कामात मिसळलेला आहे. मीठ वेगळं काढून दाखवा म्हटलं तर कसं दाखवणार? मॅनहॅटनमध्ये एका छोट्या नाट्यगृहाला त्याचं आणि त्याच्या मित्राचं, वॉल्टर मॅकगिनचं, नाव दिलं गेलं. मला ते पदकापेक्षा योग्य वाटतं. तिथं रोज कुणीतरी दुसरं उभं राहतं.

पचिनोनं त्याच्याबद्दल सांगितलंय की अभिनय मी सगळ्यात जास्त कुणाकडून शिकलो असेन तर जॉनकडून. प्रश्न विचारत राहायचे आणि उत्तर मिळालंच पाहिजे असा हट्ट धरायचा नाही, हेही त्याच्याचकडून. मी आमच्या तालमीत ते करून पाहतो. ज्याची वाक्यं सगळ्यात कमी त्याला आधी बसवतो आणि विचारतो, बाकीचे बोलत असतात तेव्हा तुला काय ऐकू येतं? पहिल्या आठवड्यात उत्तर येत नाही. येऊ नयेच.

ज्या मुलीनं विचारलं तिला सध्याच्या आमच्या नाटकात सात वाक्यं आहेत, आणि ती थोडी खट्टू आहे हे मला दिसतंय. बाई गं, येत्या रविवारी दुसरा भाग परत लावतोय. हवानाचा तो खेळ आला की तू माझ्याशेजारी येऊन बस. मायकेलकडं बघायचा मोह होईल. त्याआधी पाच सेकंद फ्रेडोकडं बघ, तो बोलता बोलता कुणाकुणाकडं मान वळवतो ते मोज, आणि मग मला सांग.